वास नसलेली प्लेट

माझ्या शरीराच्या ज्या भागाबद्दल मी लिहिणार आहे, त्याला आमच्या घरात नाव नाही. माय त्याला 'खाली' म्हणते. सर्जन साहेब 'लेफ्ट' आणि 'राइट' म्हणायचे. वॉर्डातले पोट्टे जे म्हणायचे ते इथे लिहिता येत नाही. मी अंडकोष असंच लिहितो, कारण लॅबमधल्या माणसाला निदान शब्दाची तरी लाज वाटू नये. माझा डावा अंडकोष काढून टाकलेला आहे. त्यात कॅन्सर नव्हता. उजवा जागेवर आहे, पण त्याचा आता काही उपयोग राहिलेला नाही.

मी चंद्रपुरातल्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पार गडचिरोलीच्या टोकापासूनचे नमुने आमच्याकडे येतात. हे लिहितोय ते मुख्यतः माझ्यासारखं काम करणाऱ्या पोरापोरींसाठी. कल्चरच्या टेबलावर बसत असाल तर नीट वाचा. बाकीच्यांनीही वाचावं, फक्त वाचून झाल्यावर मला धीर द्यायला येऊ नये. आजारापेक्षा धीर देणाऱ्यांनी मला जास्त छळलं आहे.

नाक

माय मासोळ्या विकायची. माझं आजोळ नागभीडकडचं, मामा-मावशांची घरं तलावाच्या पाळीला लागून. आमच्याकडे मूल चालायला लागलं की मासोळीचा कल्ला उचलून वास घ्यायला शिकतं. डोळ्याने मासोळी फसवते, पाणी मारलं की कालची आजची दिसते. नाकाला ती फसवू शकत नाही. मी बाजारात मायच्या शेजारी बसून हेच केलं आणि पुढे पॅथॉलॉजीचा डिप्लोमा करून लॅबमध्ये लागलो तेव्हा तेच नाक सोबत नेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कल्चर म्हणजे रुग्णाचं रक्त, लघवी किंवा पू एका गोल प्लेटमधल्या जेलीवर पसरायचं आणि प्लेट गरम पेटीत ठेवायची. जंतू असले की दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. या ठिपक्यांना वास असतो. एकाचा वास थेट मोहफुलासारखा येतो, एकाचा सडक्या मासोळीसारखा. मी झाकण उचलायचो, नाक लावायचो आणि मशीनच्या आधी जंतूचं नाव सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीण आणि पॅथॉलॉजिस्ट, पाहुण्यांना हौसेने दाखवायच्या, "हा आमचा नाकवाला."

पुस्तकात लिहिलेलं असतं की प्लेटचा वास घेऊ नये. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ते लिहून मार्क घेतले. हवा आत ओढून घेणारी एक काचेची पेटीही लॅबमध्ये होती, धोक्याचं काम तिच्यात करायचं असतं. तिचा फिल्टर गेला होता आणि नवा यायचा होता. तोवर आम्ही तिच्यात किटचे खोके ठेवायचो.

प्लेट

पावसाळ्यात भामरागडकडच्या एका दवाखान्यातून रक्ताची बाटली आली. शेळ्या राखणारा म्हातारा, महिनोन्‌महिने ताप, कंबर धरलेली. आमच्याकडे ठरलेल्या मुदतीत बाटलीत काही उगवलं नाही की 'वाढ नाही' असं लिहून ती फेकून देतात. पण मध्ये पोळ्याची सुट्टी आली आणि ही बाटली गरम पेटीतच राहून गेली. सुट्टीनंतर पाहिली तर गढूळ झालेली. मी तिच्यातलं प्लेटवर पसरलं. लगेच काही आलं नाही. नंतर अगदी बारीक ठिपके आले, काचेवर दव बसावं तसे.

मॅडमनी लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "कातडीवरचा जंतू असन. सुई टोचताना आला असन."

मी झाकण उचललं. वास आला नाही. आजवर मला वास न आलेली प्लेट क्वचितच भेटली होती, म्हणून मी पुन्हा घेतला. नाक जेलीला लागेल इतकं जवळ नेलं आणि छाती भरून श्वास ओढला. तरी काही नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या शुभांगीला हाक मारली. ती माझ्यासोबतची टेक्निशियन.

"शुभांगी, पाह्य बरं, तुले काही वास येते का?"

"भाऊ, मले सर्दी आहे. मले त डब्यातल्या ठेच्याचाबी वास नाई येऊन राह्यला."

त्या सर्दीने तिचं आयुष्य वाचवलं असं मी म्हणत नाही. पण माझं जे झालं ते तिचं झालं नाही, एवढं खरं. 'नमुना दूषित वाटतो, पुन्हा पाठवा' असा रिपोर्ट मी टाइप केला. तिकडे पूर आला होता, रस्ते बंद होते. नमुना पुन्हा आला नाही आणि मीही विसरलो.

ताप

दिवाळीच्या आसपास मला संध्याकाळचा ताप यायला लागला. सकाळी मी चांगला असायचो. दुपारनंतर कंबर दुखायची, मग हुडहुडी, मग घाम. घाम असा की वर्षाला चादर पिळावी लागायची. वर्षा माझी बायको, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. चादर नाकाजवळ नेऊन ती म्हणाली, "अवो, याले ओल्या तणसाचा वास येऊन राह्यला." मीही वास घेतला. खरंच पावसात भिजलेल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास होता. याचा अर्थ काय ते मला सांगता आलं नाही.

आमच्या जिल्ह्यात ताप म्हणजे आधी मलेरिया. तो नव्हता. मग टायफॉइडची तपासणी थोडी वर-खाली आली म्हणून टायफॉइडची औषधं झाली. ताप जायचा, यायचा. लॅबमध्ये थट्टा सुरू झाली की लग्न जुनं झालं, आता कशाला घरी बसायचे बहाणे. मी स्वतःच्या हाताने माझं रक्त काढून बाटलीत घातलं आणि पेटीत ठेवलं. नंतर ताप वाढला, मी घरी पडलो. ठरलेल्या दिवशी शुभांगीने बाटली पाहिली, त्यात काही नव्हतं. तिने नियमाप्रमाणे 'वाढ नाही' लिहिलं आणि बाटली फेकली. म्हाताऱ्याच्या बाटलीला सुट्टी मिळाली होती. माझी वेळेवर फेकली गेली. शुभांगीवर माझा राग नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. राग आहे, पण तो कोणावर काढायचा ते अजून ठरत नाही.

डावा

एक दिवस मोटरसायकलवर बसता येईना. डावा अंडकोष सुजून लिंबाएवढा झाला होता आणि दगडासारखा टणक. मी कोणाला सांगितलं नाही. ढिली पँट घालून, पाय फाकवून चालत राहिलो. आंघोळीनंतर वर्षाने मला भिंत धरून उभं असलेलं पाहिलं तेव्हा तिला कळलं.

"काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? कसं सांगू?"

"बाकी साऱ्या गावाचे रिपोर्ट बरे सांगता येते तुमाले," ती म्हणाली आणि रिक्षा बोलावायला गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आजारपणाच्या आधी आम्ही दोघांनी तपासण्या केल्या होत्या. दोघांच्याही चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले होते, होईल, घाई करू नका. पण मायने गावात फक्त अर्धी बातमी नेली. "माह्या पोराचा रिपोर्ट चांगला आहे," एवढंच ती सांगायची. उरलेला अर्थ गाव लावायचं. वर्षा हे ऐकून घेत आली होती, कारण आज ना उद्या मूल झालं की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. सगळा भरवसा त्यावरच होता.

सोनोग्राफी करणारा डॉक्टर आधी गप्पा मारत होता, मग गप्प झाला. हे गप्प होणं मी ओळखतो, आम्हीही तेच करतो. सर्जन साहेबांनी फिल्म पाहिली. "गाठ आहे. कॅन्सर धरूनच चालावं लागन. लेफ्ट काढून टाकू. एका राइटवर माणूस मस्त जगते."

मायने सगळ्या ओपीडीसमोर विचारलं, "साहेब, लेकरू होईन ना?"

"एकावर होते, बाई."

"मंग काढा," माय म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही. ऑपरेशनच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं हेही कोणी बोललं नाही. मी रोज वीर्याची तपासणी करणारा माणूस, मलाही सुचलं नाही. कॅन्सर हा शब्द कानात गेला की डोक्यात बाकी कशाला जागा उरत नाही.

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात सगळं उघड्यावर चालतं. ड्रेसिंग करणारा ब्रदर पडदा ओढायचा नाही आणि शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक डबा खाता खाता बघायचे. एकाने मला विचारलं, "भाऊ, आता आवाज बारीक होते का?" मी त्याला जाड्या आवाजात एक शिवी दिली. तेव्हा त्याचं समाधान झालं. गावात मायने सांगितलं होतं की पोराचं हर्नियाचं ऑपरेशन आहे.

बरणी

काढलेला अवयव तपासायला लॅबमध्ये पाठवतात. चंद्रपुरात ती तपासणी आमच्याच लॅबमध्ये होते. म्हणजे माझा डावा अंडकोष फॉर्मलिनच्या बरणीत, चिठ्ठी चिकटवून, माझ्याच लॅबच्या काउंटरवर आला. शुभांगीने त्याची नोंद केली. नाव वाचून ती आत जाऊन रडली, असं तिनेच मला पुढे सांगितलं. मॅडमनी काप पाहिले आणि दवाखान्यात मला फोन केला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अरे, अभिनंदन. कॅन्सर नाई."

खाटेभोवती सगळे हसले. मायने हात जोडले. मीही हसलो. मग हळूहळू डोक्यात शिरलं की कॅन्सर नव्हता तर मग काढला कशाला. मी सर्जन साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कॅन्सर असता त? देवाचे आभार मान."

कापात सुजेच्या बारीक गाठी होत्या, टीबीत असतात तशा. म्हणून टीबी ठरला. गोळ्या सुरू झाल्या आणि ताप उतरला. सगळे खूश. आता मला माहीत आहे की त्यातली एक गोळी माझ्या खऱ्या आजारालाही थोडीफार लागू पडते. जंतू मेला नाही, नुसता दबून बसला. तेवढ्यावर टीबीच आहे यावर शिक्कामोर्तब झालं.

घरात माझा पेला वेगळा झाला, ताट वेगळं झालं. असल्या टीबीने ताट-पेल्यातून काही पसरत नाही हे मी मायला सांगून दमलो. ती वर्षाकडे बघून म्हणायची, "लगन झालं तवापासून या घरात दुखणंच हाय." वर्षा माझं ताट मुद्दाम आपल्या ताटासोबत घासायची. आमच्या घरात त्या दिवसांतलं प्रेम एवढंच होतं आणि मला ते पुष्कळ वाटायचं.

उजवा

गोळ्या चालू असतानाच ताप परत आला. त्याच्या मागोमाग उजवी बाजू सुजली.

मी भित्रा नाही. तलावात बुडून मेलेली माणसं मी लहानपणी मामासोबत काढली आहेत. पण त्या सकाळी हात लावल्यावर उजवा टणक लागला आणि मी न्हाणीतल्या फरशीवर बसलो. सर्जन साहेबांनी पाहिलं आणि पेन खाली न ठेवता म्हणाले, "औषधाने नाई बसला त हाबी काढावा लागन."

वर्षाने फाइल उचलली. "याईले नागपूरले नेतो आमी," ती म्हणाली. परवानगी वगैरे काही मागितली नाही.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जाडजूड फाइल पुढून मागे आणि मागून पुढे पाहिली. प्रत्येक केसपेपरवर व्यवसायाच्या जागी 'नोकरी' लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"लॅबमधी आहो मॅडम."

"लॅबमध्ये नेमकं काय?"

"कल्चर."

त्यांनी मान वर केली. "प्लेट उघडून वास घेता?"

"सगळेच घेतात, मॅडम."

"शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या कोणाचा नमुना आला होता?"

मला ती प्लेट आठवली. त्या वासाचं काय आठवणार, तो नव्हताच. मी हो म्हणालो.

रक्त तपासलं, आणि तिथल्या लॅबने माझी बाटली न फेकता ठेवली, तेव्हा त्यात उशिरा का होईना जंतू उगवला. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. हा शेळ्या-मेंढ्यांचा जंतू. त्याने शेळ्या गाभडतात, आणि माणसाला ताप, घाम, कंबरदुखी, कधी कधी अंडकोषाची सूज. प्लेटवर तो फार सौम्य दिसतो आणि लॅबमधल्या माणसाच्या नाकातून सहज आत जातो.

मी विचारलं, "मॅडम, म्हणजे डावा काढायची गरज नव्हती?"

"औषधाने बसला असता. बहुतेक."

बहुतेक हा शब्द त्यांनी माझ्यावर दया करून जोडला होता. मला दया नको होती, पण त्या चांगल्या होत्या म्हणून मी मान हलवली. निदानाचा दिवस कसा असतो असं लोक विचारतात. माझा असा होता. बरा होणार हे कळलं, आणि जे गेलं ते फुकट गेलं हेही त्याच खुर्चीत कळलं.

बोर्ड

औषधं लांबली. गोळ्यांनी तोंड कडू, इंजेक्शनांनी बूड दुखलेलं. नागपूरच्या वॉर्डातली एक सिस्टर मात्र न सांगता पडदा ओढायची आणि बाहेर उभी राहून विचारायची, "येऊ का भाऊ?" एवढ्याशा गोष्टीने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. कोणी आजारी माणसाला काय द्यावं असं विचारलं तर मी सांगेन, फळं नका नेऊ, पडदा ओढा.

लॅबमध्ये बातमी गेली तेव्हा मॅडमचा पहिला प्रश्न होता, "तू कायले वास घेतला?" आणि दुसरं वाक्य, "बाहेर बोलू नको. नाव खराब होते." शुभांगीला आणि बाकीच्यांना तपासलं, कोणाला काही नव्हतं. काचेच्या पेटीचा फिल्टर आठवड्यात आला. इतके दिवस यायचा होता, तो एका फोनवर आला. माझ्या टेबलाच्या वर 'प्लेटचा वास घेऊ नये' असा बोर्ड लागला. पोट्टे त्याला माझा बोर्ड म्हणतात. मी परत रुजू झालो तेव्हा मला काउंटरवर बसवलं.

त्या म्हाताऱ्याला मीच पाठपुरावा करून शोधून काढलं. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याने त्याच्या घरून फोन लावला. म्हाताऱ्याच्या शेळ्या गाभडल्या होत्या, मेलेली पिल्लं त्याने हाताने ओढून काढली आणि पुरली होती. पाठ आता कायमची वाकली. औषधं सुरू केली. तो माडियात काहीतरी बोलला आणि कर्मचाऱ्याने मला मराठीत सांगितलं, "भाऊ, तो विचारते, माह्या रक्तात काय निघालं ते तवाच काऊन नाई सांगितलं?"

मी म्हणालो, "त्याले सांगा, आमाले कळलं नाई."

थेंब

सूज उतरली. ताप गेला. उजवा वाचला, असं सगळे म्हणाले. पण तो हाताला लहान लागत होता. डॉक्टरीणबाईंनी वीर्य तपासून घ्यायला सांगितलं.

लॅबच्या मागच्या न्हाणीत मी किती पुरुषांना डबी देऊन पाठवलं असेल. आत जाताना त्यांचे चेहरे आणि बाहेर येताना डबी रुमालात गुंडाळून आणणं. रिपोर्ट न्यायला मात्र ते बायकोला पाठवायचे. मला याचं हसू यायचं. आता मी त्याच न्हाणीत, त्याच तुटक्या कडीसमोर उभा होतो, आणि बाहेर माझे सोबती मुद्दाम मोठ्याने क्रिकेटवर बोलत होते.

शुभांगी म्हणाली, "भाऊ, मी पाह्यतो. तुमी बसा."

"नाई. मीच पाह्यतो."

थेंब काचेवर ठेवला. चांगला नमुना असला की जे दिसतं ते मी सांगू शकत नाही, ते बघायला मला नेहमी आवडायचं. सगळी घाई, सगळी धावपळ. माझ्या काचेवर काहीच नव्हतं. मी काच सरकवत गेलो. मग नमुना मशीनमध्ये फिरवून तळातला थेंब घेतला. तिथेही नव्हतं. काही दिवसांनी पुन्हा केलं, तसंच. मॅडमनी सही केली आणि पेनचं टोपण शोधत राहिल्या.

वर्षाला मी पतसंस्थेच्या दारातच सांगितलं. घरी नेऊन सांगण्याइतका धीर नव्हता.

"किती आहे?"

"काहीच नाई."

ती रस्त्याकडे वळली. सिमेंटचे ट्रक जात होते. मग म्हणाली, "मले लेकरू पाह्यजे होतं. खूप पाह्यजे होतं." तिला रडू आलं आणि तिने ते पुसलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आता एक काम करा. गावात सांगा. मी लय वर्षं ऐकलं. आता नाई होत."

मी म्हणालो, सांगतो.

बारसं

मावसभावाला मुलगी झाली. बारसं मावशीच्या घरी, तलावाजवळ. घर भरलेलं. बाया पाळण्याभोवती बसल्या आणि बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, पाळण्याच्या खालून वरून, द्यायला लागल्या. वर्षा रांगेत बसली होती. तिच्या शेजारणीने बाळ पुढे केलं. वर्षाने हात पसरले. मावशीने मधूनच वाकून बाळ उचललं आणि वर्षाला ओलांडून पलीकडचीला दिलं. वर्षाचे हात तसेच राहिले, मग तिने पदर सारखा केला.

मी पुरुषांतून उठून आत गेलो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मावशी, दोष वर्षात नाई. माह्यात आहे. माहं डावं काढून टाकलं, उजव्यात काही राह्यलं नाई. लेकरू माह्यामुळं होत नाई. रिपोर्ट आहे माह्याजवळ."

पाळणा हलायचा थांबला. मी मायकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी ती बसली होती, बरणीचं तिला माहीत होतं, शून्याचंही मी तिला सांगितलं होतं. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

माय हसली. "खोटं बोलून राह्यला बायकोसाठी," ती म्हणाली. "हर्निया होता त्याले. रिपोर्ट त चांगला आहे माह्या पोराचा, मीच आणला होता."

"माय, तो आधीचा..."

"अन् रिपोर्टाचं काय," मावशी म्हणाली. "लॅबमधी तोच त बसते. पाह्यजे तसा निघते त्याले."

बाया हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. कोणीतरी म्हणालं, असा नवरा मिळायले नशीब लागते. दारातून एक मामा म्हणाला, "वा रे भाचा. बायकोचं आपल्यावर घेतलं." मी बोलत होतो, पण जितकं बोलावं तितकं त्यांचं कौतुक वाढत होतं. मावशीचे डोळे भरून आले होते. तिने वर्षाला दंडाला धरून उठवलं, माझ्यासमोर आणलं आणि म्हणाली, "पाया लाग बाई. तुह्यासाठी किती करते तो."

मी मागे सरलो, पण मागे भिंत होती. वर्षाने एकदा मायकडे पाहिलं. मग ती वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला.